सिएनाच्या कॅथेड्रलशेजारी ती अर्धवट भिंत कशाची?

कॉलेजरोडकर:
सप्टेंबरात आईबाबांना घेऊन इटलीला चाललोय, मुक्काम फ्लोरेन्सला, एक दिवस सिएनासाठी ठेवलाय. फोटो बघितले तर कॅथेड्रल आतबाहेर काळ्यापांढऱ्या संगमरवरी पट्ट्यांचं, आणि बाजूला एक अवाढव्य भिंत, कमानी आहेत पण छप्परच नाही. पडलंय की बांधलंच नाही? आणि आत काय बघायचं? आम्हाला काळाराम, गोंदेश्वर बघायची सवय, चर्चमधलं काही कळत नाही.

पंचवटी_शिल्पवेडा:
पूर्णच झालं नाही दादा. 1339 मध्ये सिएनावाल्यांनी ठरवलं की आहे ते कॅथेड्रल नुसता आडवा भाग म्हणून ठेवायचं आणि त्याला काटकोनात नवा प्रचंड सभामंडप जोडायचा, फ्लोरेन्सशी चुरस होतीच. काम निम्म्यात असताना 1348 चा प्लेग आला, माणसं गेली, पैसा आटला, त्यात बांधकामातच दोष निघाले आणि धोक्याचा भाग उतरवावा लागला. उरली ती भिंत, तिला फाच्चातोने म्हणतात. वर जाता येतं, पण जिना अरुंद आहे, आईबाबांचे गुडघे बघून ठरवा. पट्ट्यांचे रंग म्हणजे सिएनाच्या निशाणाचेच.

सिन्नरची_ताई:
अरे फरशीचं कोणीच नाही बोललं! अख्खी जमीन चित्रांची आहे, 56 चित्रं, चौदाव्या शतकापासून सोळाव्यापर्यंत काम चाललं. आधीच्या कारागिरांनी पांढऱ्या संगमरवरात रेषा कोरून त्यात काळा मसाला भरला, पुढे रंगीत दगड कापून बसवायला लागले, आणि बेक्काफुमी या चित्रकाराने तर दगडाच्या छटांनीच सावल्या पाडल्यात. दारातून आत शिरलं की पायाशी हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, म्हणजे ख्रिस्ती नसलेला ज्ञानी, तो चर्चच्या उंबऱ्याशीच, मला हे फार आवडतं. बराचसा भाग वर्षभर झाकलेला असतो, उन्हाळ्याच्या शेवटी काही आठवडे उघडतात, तेव्हा तारखा बघूनच तिकीट काढा.

पंचवटी_शिल्पवेडा:
ताई बरोबर. पण गोंदेश्वर बघणाऱ्याने शिल्पकार निकोला पिसानोच्या प्रवचनाच्या व्यासपीठापाशी थांबायलाच हवं, 1265 ते 1268 मधलं. काही खांब सिंह-सिंहिणींच्या पाठीवर उभे, आणि वर कोरीव पट्ट्यांत माणसांची एवढी दाटी की मागच्या रांगेतली नुसती डोकी दिसतात. पिसा शहरात जुन्या रोमन शवपेट्या होत्या, त्यांवरची शिल्पं बघून तो शिकला, म्हणून अंगावरच्या वस्त्राला वजन आहे. मुलगा जोवान्नी हाताखाली होता, पुढे कॅथेड्रलच्या दर्शनी भागाचं काम त्याच्याकडे आलं.

कॉलेजरोडकर:
मस्त, बाबा तर व्यासपीठापाशीच बसतील. चित्रकार दुच्चोचं मोठं चित्र आतच आहे ना?

सिन्नरची_ताई:
नाही, ते चित्र, म्हणजे माएस्ता, म्युझियममध्ये आहे, शेजारीच. 9 जून 1311 ला ते दुच्चोच्या कार्यशाळेतून वाजतगाजत कॅथेड्रलमध्ये नेलं होतं, अख्खं शहर मिरवणुकीत. अठराव्या शतकात करवतीने कापून वेगळं केलं, काही तुकडे परदेशी म्युझियममध्ये गेले, वाचताना जीव तुटतो. म्युझियम त्या अर्धवट राहिलेल्या बांधकामातच आहे, कमानी बुजवून खोल्या केल्यात, म्हणून तिकीट एकत्रित घ्या.