[२५ सप्टेंबर २०२५] मदत हवी आहे: कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' आलंय, आज रात्रीपर्यंत घालवायचंय

पत्रिकावाला
काल सकाळपासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत 'ॲक्टिव्हेट विंडोज' दिसतंय. दोनदा रीस्टार्ट केलं, जात नाही. माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे, दसऱ्याची कामं तुंबलीत. मंडळाला प्रूफ पाठवलं तर ही अक्षरं बरोबर 'आपले नम्र'च्या यादीवर! अध्यक्षांचा फोन: "आमच्या फ्लेक्सवर ही कुणाची जाहिरात घुसवली?" काय दाबायचं ते कुणीतरी एका ओळीत सांगा. आणि हो, माझं विंडोज ओरिजिनल आहे, पैसे मोजलेत. उपदेश नको.

बिनतारी
विंडोज १० की ११? लॅपटॉप की जोडून घेतलेला पीसी? मदरबोर्ड वगैरे बदललाय का? एवढं कळल्याशिवाय एका ओळीत फक्त शुभेच्छा देता येतील.

पत्रिकावाला
१०. पीसी. काही बदललं नाही.

टक्समामा
विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. अर्ध्या तासाचं काम. ना ॲक्टिव्हेशन, ना लायसन्स, ना व्हायरस. मी २०११ पासून वापरतोय, घरातलं शेंबडं पोरही वापरतं.

पत्रिकावाला
मामा, डिझाइनचं कोरल चालतं का त्यावर? आणि मराठी फॉन्ट?

टक्समामा
कोरल कशाला? इंकस्केप घ्या.

पत्रिकावाला
आठ वर्षांच्या फायली कोरलमध्ये आहेत हो माझ्या. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मागच्या वर्षीचीच पत्रिका, फक्त नाव आणि मुहूर्त बदला."

जुनाखोंड
या कोपऱ्यातल्या अक्षरांना काय घाबरायचं! आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून विंडोज एक्सपीची सीडी आणायचो, वर स्केचपेनने नंबर लिहिलेला. २००१ मध्ये एक्सपीबरोबर घरगुती गिऱ्हाइकालाही ॲक्टिव्हेशन (कॉपी खरी आहे का याची मायक्रोसॉफ्टकडून खातरजमा) आलं खरं, पण कंपन्यांच्या घाऊक लायसन्सच्या कॉपीला ते लागायचंच नाही, त्यामुळे अख्खी आळी एकाच नंबरवर. मग २००८ मध्ये नकली एक्सपीचा वॉलपेपर दर तासाने काळा करायला लागले. चीनमध्ये केवढी बोंबाबोंब झाली होती! त्यामानाने हे सभ्य आहे.

बिनतारी
खोंडराव, वेगळा धागा काढा. पत्रिकावाले, विंडोजचं बटण आणि 'आर' एकदम दाबा. चौकोन येईल त्यात 'एसएलएमजीआर' लिहा (इंग्रजीत), एक जागा सोडा, तिरकी रेघ, तिला चिकटून 'डीएलआय'. एंटर. जरा थांबलात की एक खिडकी उघडेल. तिच्यात काय येतं ते जसंच्या तसं इथे लिहा.

पत्रिकावाला
रेघ सुलटी की उलटी?

बिनतारी
प्रश्नचिन्हाच्या बटणावरची.

पत्रिकावाला
आलं. वर प्रोफेशनल एडिशन. त्याखाली 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट चॅनल'. लायसन्स स्टेटस: नोटिफिकेशन. सेटिंगमध्ये लाल अक्षरांत, तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही म्हणतंय. माझी कसली डोंबलाची ऑर्गनायझेशन? मी आणि टायपिंगला एक मुलगी.

बिनतारी
हे सुरुवातीलाच सांगितलं असतंत तर!

केएमएस ही मोठ्या कंपन्यांची, कॉलेजांची सोय. प्रत्येक मशीनला वेगळी की (लायसन्सचा नंबर) द्यायची नाही, ऑफिसातच एक सर्व्हर ठेवायचा आणि बाकीच्या मशीनांनी त्याच्याकडे हजेरी लावायची. निदान २५ मशीन झाल्याशिवाय तो सर्व्हर कुणालाच पास करत नाही. एक हजेरी १८० दिवस चालते. मशीन साधारण दर ७ दिवसांनी पुन्हा हजेरी लावतं, की १८० पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ऑफिसात कुणाला काही कळतही नाही.

दोन माणसांच्या दुकानात असा सर्व्हर नसतो. म्हणजे विंडोज टाकणाऱ्याने तुमच्याच मशीनमध्ये एक खोटा सर्व्हर बसवला होता, हजेरी घेणारा तोतया मास्तर. तो आता दिसत नाही.

पीसी कधी घेतला? बिलावर नेमकं काय लिहिलंय? आणि मार्चच्या शेवटी मशीनमध्ये काही केलंत का?

पत्रिकावाला
घेऊन तीन वर्षं झाली. बिलावर सगळे पार्ट लिहिलेत आणि शेवटी 'ओएस लोडिंग चार्जेस १५००'. ओएस म्हणजे विंडोजच ना? मार्चचं आता काय आठवणार.

खडूस_मुनीम
लोडिंग म्हणजे हमाली झाली राव. माल कुठाय बिलात?

पत्रिकावाला
थांबा, एक आठवलं. पाडव्याला दुकान साफ केलं तेव्हा टायपिंगच्या मुलीने ३० दिवसांचा फुकटवाला ॲन्टीव्हायरस टाकला होता. त्याने एक फाइल लाल करून दाखवली, नावात केएमएस असं काहीतरी होतं. डिलीट केली. व्हायरस होता तो. त्याचा इथे काय संबंध?

बिनतारी
पाडवा ३० मार्चला होता. शेवटची हजेरी त्याच्या दोन दिवस आधी, २८ मार्चला लागली असं धरा. तिथून १८० दिवस मोजा, बरोबर २४ सप्टेंबर येतो. म्हणजे काल.

पत्रिकावाला
आयला.

वकीलसाहेब
कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३-ब. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षं कैद आणि दंड ५० हजार ते २ लाख. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करून फक्त दंड करू शकतं, पण धागाकर्त्यांचं दुकान आहे.

पत्रिकावाला
पण मला कुठे माहीत होतं साहेब?

वकीलसाहेब
या धाग्याआधी नव्हतं.

ढापूमास्टर
कायदा गेला तेल लावत. माझ्याकडे एक छोटी फाइल आहे, डबल क्लिक केलं की कोपरा साफ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बिनतारी
नका करू. फायदा-तोटा सोडा, ते चालवताना ॲन्टीव्हायरस बंद करून मशीनची सगळी मुखत्यारी त्या फाइलला द्यावी लागते. याच मशीनवर हे गिऱ्हाइकांचे आधार आणि पॅन प्रिंट करत असतील. ती फाइल आणखी काय करते ते तुम्हाला तरी माहीत आहे का?

ढापूमास्टर
पाच वर्षं वापरतोय, काही झालं नाही.

खडूस_मुनीम
काही कळलं नाही, असं म्हणा.

परदेशी_पाटील
ऑनलाइन चारपाचशेला की मिळते, तीच घ्या. इमेलवर येते, टाकली की झालं. माझी दोन वर्षं चालू आहे. उगाच भाव खातात लोक.

बिनतारी
पाटील, अशा बऱ्याच किया कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधून निसटलेल्या असतात. तिच्यावर ठरावीक मशीनच बसतात आणि वर कळलं की ती रद्द होते. किंमतच सांगते की मूळ मालक दुसरा आहे.

परदेशी_पाटील
माझी झाली की कळवतो. तोवर तुम्ही पूर्ण पैसे भरा.

जुनाखोंड
अवांतर: आणि पैसे भरून तरी काय? ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचाच तपासणी सर्व्हर बिघडला आणि सुमारे १९ तास ओरिजिनलवाल्यांनाही चोर ठरवत होता. विंडोज व्हिस्टात तर त्या नादात काही सोयीही बंद पडल्या. नोव्हेंबर २०१८ मध्येही विंडोज १० प्रोचे धडधडीत खरे मालक अचानक 'ॲक्टिव्हेट करा'वर आले होते.

खडूस_मुनीम
तरी तेव्हा ज्यांच्याकडे बिल होतं ते भांडू तरी शकले. आपले पत्रिकावाले काय दाखवणार, लोडिंगची पावती?

सायली_फ्लेक्स
मघापासून वाचतेय. पत्रिकावाले, ती अक्षरं फक्त तुमच्या स्क्रीनवर आहेत, फायलीत नाहीत. प्रूफ स्क्रीनशॉट काढून पाठवता ना? कोरलमधून एक्स्पोर्ट करून जेपीजी पाठवा, विषय संपला.

पत्रिकावाला
एक्स्पोर्ट केलं की मोबाइलवर रंग बदलतात. भगवा चक्क विटकरी दिसतो. अध्यक्ष त्यावरूनही भांडले होते, तेव्हापासून स्क्रीनशॉटच काढतो.

सायली_फ्लेक्स
फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या रंगांत) आहे म्हणून. एक्स्पोर्टच्या चौकोनात कलर मोड असतो, तिथे आरजीबी (स्क्रीनचे रंग) करा. फक्त प्रूफपुरतं हं! छपाईच्या मशीनला पाठवायची फाइल आहे तशीच ठेवा.

पत्रिकावाला
झालं!! अध्यक्षांचा अंगठा आला. ताई, हेच सकाळी कुणी सांगितलं असतं तर?

बिनतारी
सकाळी तुम्ही स्क्रीनशॉटचं बोललाच नाहीत.

कोऱ्याकरकरीत
इथेच विचारते. माझ्याकडे मराठी फॉन्टच्या पॅकेजचं जुनं डोंगल (ते लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही अशी किल्ली) आहे, प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारं. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. काय करावं? पॅकेज विकत घेतलेलं आहे, बिल आहे!

खडूस_मुनीम
बिल आहे म्हणताय, तर फ्रेम करून घ्या. या धाग्यावरचं पहिलंच.

बिनतारी
वेगळा धागा काढा, नक्की उत्तर देतो. पत्रिकावाले, मशीन बंद पडणार नाही. वॉलपेपर, रंग असल्या गोष्टी बदलता येणार नाहीत आणि ती अक्षरं राहतील, एवढंच. पण लायसन्स नाहीच, ते घ्यावं लागेल. प्रोसेसर कुठला?

पत्रिकावाला
आय फाइव्ह. चौथी पिढी म्हणे.

खडूस_मुनीम
तीन वर्षांपूर्वी चौथी पिढी? म्हणजे पार्टही जुनेच भरले होते की.

बिनतारी
मग विंडोज ११ रीतसर बसणार नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबतायत. तीन आठवड्यांसाठी १० चं लायसन्स घेऊ नका. वर्षभराची वाढीव मुदत आहे, पण मुळात लायसन्स नसताना कसली मुदतवाढ. लायसन्ससकट येणारी नवी किंवा रीफर्बिश्ड (जुनी पण दुरुस्त करून विकलेली) मशीन बघा, त्यांची की बऱ्याचदा बायोसमध्येच (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) असते. आणि बिलावर विंडोजची वेगळी ओळ लिहून घ्या.

पत्रिकावाला
माळ्यावर जुना पीसी आहे, त्यावर विंडोज ७ चं चकाकतं स्टिकर आहे. ते चालेल?

बिनतारी
नाही. ते लायसन्स त्या मशीनबरोबरच जन्मलं, तिच्याबरोबरच जातं. शिवाय ७ ची की नव्या विंडोजला चालायची ती वाट २०२३ मध्ये बंद केली.

टक्समामा
म्हणून म्हणतोय, मिंट.

पत्रिकावाला
अपडेट: संध्याकाळी त्या दुकानदाराकडे जाऊन आलो. लोडिंगचं विचारलं तर हसला. म्हणे, "ॲन्टीव्हायरस काढून टाका, ३०० द्या, पुन्हा करून देतो. आणि यापुढे मशीनमध्ये काही लाल दिसलं तर हात लावू नका." बिलावर काय लिहिणार विचारलं. म्हणाला, "सर्व्हिसिंग."
उठून आलो. सायलीताई, रीफर्बिश्ड कुठे बघितलंत का कधी? बजेट व्यनि करतो.