पैठणी : शब्दाचे वय आणि वस्त्राचे वय

‘पैठणी’ची फोड कुणीही सांगेल: पैठणची ती पैठणी. पण लग्नसराईत साड्यांच्या जाहिरातींत ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ असे हमखास वाचायला मिळते आणि पुराव्यादाखल सातवाहनांची राजधानी, ग्रीक व्यापारी वगैरे पुढे केले जातात. इथे शब्दाचे वय आणि वस्त्राचे वय यांची गल्लत होते. शब्दाची कुळकथा स्वतंत्रपणे पाहिली तर ती जास्त रंजक आहे.

गावाचे संस्कृत नाव प्रतिष्ठान. ‘प्रति’ उपसर्ग आणि ‘स्था’ धातू. घट्ट पाय रोवून उभे राहण्याची जागा, पाया, अधिष्ठान. (प्रयागासमोरच्या झूंसीचेही जुने नाव प्रतिष्ठानच आहे. पुराणांत पुरूरव्याची राजधानी म्हणून येते ते तिकडचे, गोदाकाठचे नव्हे.) आता ‘प्रति’चे प्राकृतात सहसा ‘पडि’ होते. प्रतिपदेचा पाडवा झाला तो याच वाटेने. मग प्रतिष्ठानाचे ‘पाडठाण’ का झाले नाही? कारण या शब्दात ‘त’चा ‘ड’ न होता तो गळूनच गेला आणि ‘पइट्ठाण’ असे रूप झाले. लगेच पुढे ‘ट्ठ’ असल्यामुळे जिभेने शेजारचा ‘ड’ टाळला असावा, असे मला वाटते. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘पइट्ठा’ आणि ‘पइट्ठाण’ हे शब्द या नियमात न बसणारे म्हणून मुद्दाम नोंदवले आहेत. पुढे ‘पइ’चा ‘पै’ झाला, ‘ट्ठ’ सुटून एकेरी ‘ठ’ राहिला, की आपले पैठण तयार.

हा बदल केव्हाचा, याचा माग लागतो ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड गावाजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एका खांबावर दानलेख आहे. गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुळातल्या मितदेवाने तो खांब दिला आणि त्याच्या गावाचे नाव तिथे ‘पतिठान’ असे कोरले आहे. म्हणजे ‘त’ अजून शाबूत. उलट पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात हेच नाव ‘पैठाना’ असे येते आणि दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी ते ‘बैठाना’ असे लिहून तिथल्या राजाचे, पुळुमावीचे, नावही देतो. लेखात कोरणारा जुने वळण सांभाळतो; परदेशी माणूस बाजारात कानावर पडले तेच टिपतो. तेव्हा ‘पैठण’ हा उच्चार, निदान त्याचा सांगाडा, खरोखरच दोन हजार वर्षांच्या घरात जातो.

वस्त्राबद्दल मात्र तोच ‘पेरिप्लस’ साक्ष देत नाही. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, अशी त्यात नोंद आहे. पण माल सांगताना लेखक पैठणहून अकीकासारखे दगड येतात म्हणतो. साधे कापड आणि मलमल येते ती तगरहून! यावरून पैठणला माग नव्हते असे ठरत नाही. तरी या ग्रंथाच्या नावावर पैठणीचे वय सांगणे थांबवायला हवे. पैठणीची थोरवी तिच्या विणीत आहे. पदरावरचा मोर किंवा आसावली (फुलांची वेल) रंगारंगाच्या वेगवेगळ्या तिल्ल्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या कांड्या, हाताने फिरवून, धाग्यात धागा अडकवत उमटवतात, म्हणून अस्सल पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते. एवढे कौशल्य असताना उसना इतिहास कशाला?

आता वापराकडे. ‘पैठणी’ हे मुळात विशेषण: पैठणी लुगडे, पैठणी शेला, पैठणी पागोटे. नाम गळाले आणि विशेषणच नाम झाले, जसे ‘कोल्हापुरी’ म्हटले की चप्पल समजते. त्यातून हे नाम स्त्रीलिंगी ठरले आणि त्याचे अनेकवचन ‘पैठण्या’ झाले. गंमत अशी की हा ‘ई’ प्रत्यय वस्तूंना सहज लागतो, माणसांना लावताना मराठी बिचकते. एकनाथ पैठणचे, ‘पैठणी एकनाथ’ कुणी म्हणणार नाही. आडनावही पैठणकर.

‘येवला पैठणी’ हा प्रयोग काहींना खटकतो: दोन गावे एकाच साडीला कशी? मला तो पूर्ण योग्य वाटतो. आज नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात पैठणीचे माग घरोघर आहेत. २०१० साली मिळालेले भौगोलिक मानांकनही पैठणी या नावानेच आहे. ‘पैठणी’ने गावाचा अर्थ सोडून विणीचा अर्थ घेतला, म्हणूनच ‘पैठणची पैठणी’ असे म्हणतानाही द्विरुक्ती जाणवत नाही. ‘पैठणी काठ’, ‘पैठणी ब्लाउज’, ‘पैठणी फेटा’ हे त्यापुढचे पाऊल: शब्द पुन्हा विशेषण झाला, पण आता तो गावाऐवजी नक्षी दाखवतो. ‘सेमी पैठणी’ला मात्र माझा विरोध आहे. यंत्रमागावर काढलेल्या नक्षीला विणीचे नाव देताना निदान ‘पैठणी नक्षीची साडी’ असे स्पष्ट म्हणावे.

आणि क्रियापदाबद्दल आग्रह धरतोच: पैठणी नेसतात. ‘पैठणी घातली’ हे अलीकडे सर्रास ऐकू येते. ब्लाउज घालावा, फेटा बांधावा, शेला पांघरावा. जुन्या माणसांच्या तोंडी शेल्यापागोट्यांसाठीही ‘पैठणी’ हा शब्द कुणी ऐकला असेल, तर वाक्यासकट आणि गावासकट जरूर नोंदवा.