पाडव्याआधीची साफसफाई: सुरुवात कुठून करावी?

कोथरूडची_गॅलरी
पाडव्याच्या आधी दोन शनिवार-रविवार हातात आहेत. टू बीएचके फ्लॅट, माणसं चार. मावशी फक्त केर-फरशीला येतात. अडतं ते तीन ठिकाणी: दिवाळीपासून मिळेल ते वर सारत गेल्यामुळे भरलेला माळा, ट्रॉल्या नि चिमणीवरचा चिकट थर, आणि थंडीतल्या रजया-स्वेटर. शिवाय ओटा काळ्या कडाप्प्याचा आहे, सिंकभोवती पांढरट डाग पडलेत. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर चालेल का? आणि एकूण क्रम काय ठेवावा?

माळा_ते_उंबरा
क्रम एकच: आधी सामान, मग कोरडी धूळ, शेवटी ओलं काम. बहुतेक घरांत हे उलटं होतं. फरशी चकचकीत होते आणि मग कोणीतरी माळा उघडतं.

पहिल्या शनिवारी फक्त माळा. सगळं खाली काढा, हॉलमध्ये जुनी चादर अंथरून त्यावर तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, भंगार. द्यायचं आणि भंगार त्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे. रात्रभर राहिलं की त्यातलं निम्मं परत वर चढतं. पुठ्ठ्याची खोकी काढून टाका. झुरळं त्यांच्या घड्यांत अंडी घालतात आणि कसरही तिथेच होते. झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या, आत काय आहे ते समोरच्या बाजूला कागदावर लिहून चिकटवा. झाकणावर लिहिलेलं खालून दिसत नाही.

मग जळमटं, मग पंखे. पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून ओढून घ्या, धूळ आतच राहते. एका हाताने पात्याला खालून आधार द्या, कारण पातं जरा वाकलं तरी पंखा हलायला लागतो. त्यानंतर ट्यूबलाइट, खिडक्यांचे रूळ (आधी कोरड्या ब्रशने, पाणी आधी घातलं तर चिखल होतो), आणि फरशी सर्वांत शेवटी.

ओटा_आणि_फडताळ
कडाप्प्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंच, बाथरूमचं ॲसिड काहीही लावू नका. कडाप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही चुन्याच्या जातीचे दगड. आम्ल त्यांचा पृष्ठभागच खातं. मग जो पांढरा, निस्तेज पट्टा दिसतो तो डाग नसून झिजलेला दगड असतो, आणि तो फक्त पॉलिश करून जातो. तुमचे डाग आधी तपासा: नख फिरवून खरखरीत लागले आणि थोडे खरवडले गेले तर तो बोअरच्या पाण्याचा क्षार आहे. ओलं फडकं अर्धा तास ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच काढा. बोटाला गुळगुळीत लागत असतील तर दगड खाल्ला गेलाय, पॉलिशवाल्याला बोलवा. आणि ॲसिड नि ब्लीचिंग पावडर कुठेही, संडासातसुद्धा, एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू निघतो.

चिमणीची जाळी आधी ओळखा. उभ्या पन्हाळी असलेली जड स्टीलची असेल तर बादलीभर कडकडीत पाण्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घालून अर्धा तास बुडवा, हातमोजे घालून ब्रशने घासा. हलकी, पदरांवर पदर असलेली बारीक जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते. ती सोड्याने काळी पडते, म्हणून तिला फक्त गरम पाणी नि साबण. दोन्ही पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. ऑटोक्लीन चिमणी असेल तर खालची तेलाची वाटीही रिकामी करा, ती हमखास विसरते.

कपाटांच्या डोक्यावरचा जुना चिकटा घासून निघत नाही, भिजवून निघतो. साबणाच्या गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं पसरून ठेवा, मग पुसा. तारेची घासणी नको, सनमायकाची चमक जाते. पुसून झालं की वर वर्तमानपत्र अंथरा. पुढच्या वेळी नुसता कागद बदलायचा. ट्रॉलीच्या चॅनलवर पाणी ओतू नका. कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

कोथरूडची_गॅलरी
जाळी पन्हाळीचीच आहे, म्हणजे सोडा चालेल. गाद्यांमध्ये एक कापसाची आणि दोन फोमच्या आहेत. सगळ्या गच्चीत टाकू का?

पैठणीची_घडी
फक्त कापसाची. अकरा ते तीन, मध्ये एकदा उलटून, काठीने झोडपून. फोम थेट उन्हात पिवळा पडतो नि भुरभुरतो. त्या गाद्या सावलीत, वारा लागेल अशा उभ्या करा. ढेकूण असतील तर नुसत्या उन्हावर भरवसा ठेवू नका, ते पलंगाच्या सांध्यांतही असतात.

स्वेटर धुतल्याशिवाय ठेवू नका, एकदाच घातलेला असला तरी. कसर घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर आधी येते. उन्हातून आणलेले कपडे थंड होऊ द्या, मगच डब्यात भरा, नाहीतर आत दमटपणा धरतो. डांबरगोळ्या फडक्यात बांधून, कपड्यांना न टेकवता. जरीजवळ त्या मुळीच नकोत, जर काळवंडते. कपाट उघडलंच आहे तर पैठण्यांच्या घड्या मोडून वेगळ्या ठिकाणी घाला. वर्षानुवर्षं एकाच घडीवर रेशीम चिरतं. गुंडाळायला मऊ सुती कापड घ्या.

नागपूरचं_ऊन
आमच्याकडे याच दिवसांत कूलर उतरतात, म्हणून त्याबद्दल. बाजूच्या जाळ्यांतलं जुनं गवत धुऊन वापरू नका, नवीन भरा. वरच्या कडेला गच्च दाबा, कारण ते ओलं झालं की खाली बसतं आणि वरून गरम हवा आत येते. टाकीतला क्षार खरवडा, पंपाची जाळी मोकळी करा. पंप कोरडा चालवून पाहू नका, जळतो. पत्र्याचा कूलर असेल तर तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाणी भरताना प्लग काढलेलाच असावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात.