मदत हवी आहे: वेबसाइट करून तीन महिने झाले, एक ऑर्डर नाही (बडोदा)

सुईदोरा
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या प्लीज, दसरा तोंडावर आलाय. जूनमध्ये वेबसाइट करून घेतली, अठरा हजार गेले, आणि आजपर्यंत साइटवरून एक ऑर्डर नाही. गूगलवर शोधलं तर आम्ही दिसतच नाही, आमच्यानंतर चार वर्षांनी सुरू केलेल्या बाई वर दिसतात. साइट दिसायला छान आहे, सगळे म्हणतात. करून देणारा मुलगा म्हणतो सहा महिने थांबा, गूगलला वेळ लागतो. थांबू का? की दुसऱ्याकडून नवीन करून घेऊ? प्रमोशन कसं करायचं तेही सांगा.

मांजलपूरकर
ताई, धंदा कसला ते लिहिलंच नाही की. आणि माल बडोद्यातच विकता की बाहेरगावी पण?

सुईदोरा
अहो हो, राहिलंच. शिवलेली नऊवारी. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी, लहान मुलींच्या पण. दांडिया बाजारात घरूनच करतो, सासूबाई बेततात, मी आणि दोन बायका शिवतो. बडोद्यातलं गिऱ्हाईक तोंडी येतंच, साइट बाहेरच्यांसाठी केली, पुणं, सुरत, अमेरिकेतल्या मुली विचारतात.

रीलवाली
मग वेबसाइट हवीच कशाला? माझी बहीण खणाच्या पर्स करते, सगळं काम इन्स्टावर. रोज एक रील टाका, काष्टा कसा बसतो ते दाखवा, ऑर्डरी येतील. मी तर म्हणते ती साइट बंदच करा.

जुना_प्रोग्रामर
बंद बिलकुल करू नका. रील दोन दिवसांत खाली जाते, पुढच्या मार्गशीर्षात कोणी 'शिवलेली नऊवारी' शोधलं तर ती सापडणार नाही, साइटचं पान सापडतं. रीलही टाका, पण मुक्काम स्वतःच्या जागेत ठेवा.
सुईदोरा, एक काम करा. गूगलमध्ये 'साइट' हा शब्द इंग्रजीत, मग कोलन, आणि जागा न सोडता तुमच्या साइटचा पत्ता टाका. किती पानं येतात ते इथे लिहा. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आहे का?

सीए_रावपुरा
विचारलं नाहीये तरी सांगतो, कारण नंतर त्रास होतो. पुण्याला साडी पाठवली की तो आंतरराज्य पुरवठा झाला, तिथे ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा लागू होत नाही, जीएसटी नोंदणी करावी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, तुमची शिलाई त्यात बसते का ते तुमच्या सीएकडून बघून घ्या. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर कायदेशीर नाव, पत्ता, परताव्याच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करायची ते हवं.

सुईदोरा
जीएसटी आहे काका. साइट कोलन केलं. शून्य. काहीच येत नाही!! वर्डप्रेस आहे की नाही माहीत नाही, पासवर्ड त्या मुलाकडेच आहे. लिंक इथे देता येत नाही ना, कोणाला हवी असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करते.

मांजलपूरकर
तीन महिन्यांत शून्य म्हणजे वाट बघण्याचा प्रश्नच नाही. मी म्हणतो दिवसाला ३०० ची जाहिरात लावा, दसऱ्यापर्यंत आठ हजार जातील, पण ऑर्डरी तरी येतील. आम्ही कॅटरिंगचं असंच केलं.

जुना_प्रोग्रामर
नको, आत्ता नको. साइटवर काय आहे ते न बघता जाहिरात म्हणजे पैसे सूरसागर तलावात टाकणं. लिंक मिळाली, बघितली. वर्डप्रेसच आहे, आणि पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे मागच्या कोडमध्ये, 'नोइंडेक्स' (शोधात दाखवू नका) लिहिलेलं आहे. सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान असतं, तिथे 'डिस्करेज सर्च इंजिन्स' असा चौकोन असतो. साइट बनत असताना तो टिक करून ठेवतात आणि शेवटी काढायचं राहून जातं. गूगलला तुम्हीच येऊ नको म्हणताय, मग सहा महिने काय अन् सहा वर्षं काय. टिक काढा, सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठी गूगलचीच सोय) साइट जोडा, साइटमॅप म्हणजे पानांची यादी द्या आणि मुख्य पानांसाठी इंडेक्सची, म्हणजे गूगलच्या शोधात घेण्याची, विनंती करा. पानं दिसायला काही दिवस लागतील, कधी आठवडेही.

मांजलपूरकर
आणि तोवर दसरा होऊन जाईल. म्हणूनच जाहिरात म्हणतोय.

पुण्याची_माहेरवाशीण
मला पण लिंक मिळाली. मी गिऱ्हाईक म्हणून सांगते हं, रागावू नका. भाचीच्या लग्नासाठी मी खरंच पेशवाई शोधतेय. साइट फोनवर उघडली, आधी मोठा व्हिडिओ, मग गणपती, मग 'आमची परंपरा'. किंमत कुठेच नाही, 'रेटसाठी संपर्क करा'. फोनवर भाव विचारायला मला संकोच वाटतो, मी पुढच्या साइटवर जाते. माप कसं द्यायचं ते नाही. कंबर, सीट, कंबरेपासून घोट्यापर्यंत उंची, एवढं तरी चित्र काढून दाखवा. साडी तुमची की मी माझी पैठणी पाठवू शकते? किती दिवसांत येईल? नाही बसली तर उसवून परत शिवून मिळेल का? हे सगळं कळलं असतं तर मी त्याच रात्री ऑर्डर दिली असती.

सुईदोरा
रागावले नाही हो. हे सगळं आम्ही फोनवर रोज सांगतो, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. साडी तुमची चालते, दोन इंच माया (जादा कापड) आत ठेवतो, उसवून मोठी करता येते. भाव लिहिले की बाकीचे बघून कमी करतात म्हणून सासूबाई नको म्हणतात.

पुण्याची_माहेरवाशीण
अहो मग 'सुती ब्राह्मणी शिलाई इतक्यापासून' असं तरी लिहा. आणि ती दोन इंच मायेची गोष्ट सगळ्यात वर लिहा!

गायकवाडी
पत्त्यात वडोदरा का लिहिलंय? आपण मराठी माणसं बडोदाच म्हणतो.

सीए_रावपुरा
१९७४ पासून अधिकृत नाव वडोदरा आहे साहेब, बिलावर तेच लागेल.

गायकवाडी
बिलाचं कोण बोलतंय? पुण्याचा माणूस बडोदाच टाइप करतो.

जुना_प्रोग्रामर
दोन्ही लिहा, भांडू नका. तसंच नऊवारी आणि नववारी दोन्ही, आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण निम्मे लोक तसंच टाइप करतात. गुजराती शेजारीण 'मराठी साडी' शोधते. लोक काय शोधून आले ते पुढे सर्च कन्सोलमध्ये दिसेल, त्यावरून शब्द ठरवा. आणखी एक, प्रकारांची माहिती प्रेसवाल्याकडून केलेल्या फोटोत आहे, ती युनिकोडमध्ये, म्हणजे इथे लिहितो तशा साध्या अक्षरांत, टाइप करून पानावर घाला. एकेक फोटो ७-८ एमबीचा आहे, तो बारीक करा.

रीलवाली
व्हॉट्सॲपचं बटण पण हवं, दाबलं की साडीचं नाव आपोआप लिहून येईल असं. यावर तरी एकमत होईल ना.

जुना_प्रोग्रामर
+१. ताई, गूगलवर बिझनेस प्रोफाइल (शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद) आहे का? घरचा पत्ता लपवून नुसता भाग दाखवता येतो.

सुईदोरा
दिरांनी केलं होतं, त्यातूनच फुकटची साइट पण होती. कार्डांवर आणि पिशव्यांवर अजून त्याच साइटचा पत्ता छापलेला आहे.

जुना_प्रोग्रामर
तो पत्ता आता चालत नाही. त्या फुकट साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या, १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता प्रोफाइलकडे वळत होता, नंतर तेही थांबलं. दिरांकडून लॉगिन घ्या, प्रोफाइलमध्ये नवीन साइट भरा, उरलेल्या पिशव्यांवर स्टिकर लावा. आणि मुख्य प्रश्न, नवीन डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे?

सुईदोरा (चार दिवसांनी)
पासवर्ड मिळाला. टिक खरंच होती! काढली, साइटमॅप दिला, मापाचं पान लिहिलं, सासूबाईंनी स्वतः टेप धरून फोटो काढू दिले. भाव पण 'पासून' म्हणून टाकलेत. आज साइट कोलन केलं तर दोन पानं आली. नवीन साइट नाही करत आता. पण डोमेन त्या मुलाच्या नावावर निघालं, त्याच्याच खात्यात. बोलले मी, मंगळवारी डोमेन हलवायचा कोड देतो म्हणाला.

जुना_प्रोग्रामर
कोड कशाला, डोमेन ज्या कंपनीकडून घेतलंय त्याच कंपनीत तुमचं खातं उघडा, तो त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात सरकवू शकतो. पण मंगळवारपर्यंत तोंडी ठेवू नका, 'डोमेन तुमचं आहे, तुमच्या नावावर करून देतो' एवढं आजच मेसेजवर लिहून घ्या. जूनला मुदत संपेल, तेव्हा नूतनीकरणाचा ईमेल त्याला जाणार, तुम्हाला नाही.