शब्दचर्चा : घुमणे, फाटणे, पट्टी आणि ‘डॉल्बी’ (घरच्या मीडिया पीसीवर इक्वलायझर लावताना)

रंकाळ्याची_हवा

घरच्या मीडिया पीसीसाठी एका पानाची मराठी सूचना लिहितोय. विंडोजवर सिनेमे-गाणी लावायला कोडी आणि व्हीएलसी, खालचे-वरचे सूर कमीजास्त करायला इक्वलायझर एपीओ (थोडक्यात एपीओ), पीसीतून अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. घरातल्या कुणालाही वाचून सेटिंग करता यावं एवढीच अपेक्षा. अडलंय ते शब्दांपाशी: इक्वलायझर, बँड, गेन, प्रीअँप, क्यू, क्लिपिंग, पासथ्रू. सगळे देवनागरीत तसेच उतरवले तर सूचना कुणाला कळणार? आणि ‘समकारी’, ‘पूर्वप्रवर्धक’ असलं काही लिहिलं तर घरचे ते पान चहाच्या डब्याखाली घालतील. काय करावं?

काळी_एक

इक्वलायझर तसाच राहू दे. हा शब्द टेलिफोनच्या तारांवरून आला. लांब तारेत वरचे स्वर जास्त क्षीण व्हायचे, ते पुन्हा बरोबरीला आणायचं काम त्या मंडलाचं (सर्किटचं), म्हणून ‘समान करणारा’. आज आपण त्याने मुद्दाम कमीजास्तही करतो, तेव्हा ‘समकारी’ वाचणाऱ्याला वाटतं की हा मोठा-लहान आवाज एकसारखा करतो. तसं करणारी गोष्ट वेगळी आहे, आणि विंडोजने तिला ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ नाव देऊन घोळ आणखी वाढवलाय. ती इक्वलायझर नव्हे, कंप्रेसर आहे. हळू प्रसंग वर उचलते, मोठे दाबते. रात्री सिनेमा बघायला ठीक. गाण्याला लावली तर विलंबित आलाप आणि द्रुत तान एकाच जोराने अंगावर येतात.

सूचनेत एक इशारा हवाच. लाउडनेसची ती एकच खूण काढायची. बरेच जण त्याऐवजी विंडोजच्या आवाज-सुधारणा (एन्हान्समेंट) सरसकट बंद करून टाकतात आणि त्यासरशी इक्वलायझर एपीओसुद्धा बंद पडतो, कारण तो विंडोजच्या त्याच यंत्रणेत बसतो. मग इक्वलायझरच्या दांड्या (सरकवायची बटणं) कितीही हलवा, आवाज तसूभर बदलत नाही.

बँडला मात्र ‘पट्टी’ लिहू नका, हात जोडून सांगतो. आपल्याकडे पट्टी म्हणजे गायकाचा षड्ज. काळी एक, पांढरी चार. ‘पट्टी कमी करा’ वाचून माणूस हार्मोनियमकडे बघेल. ‘पट्टा’ चालेल. आणि सप्तक हा तर आयता शब्द आहे. कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं, हर्ट्झमध्ये मोजतात) दुप्पट झाली की एक सप्तक. दहा दांड्यांच्या प्रमाणित इक्वलायझरमध्ये ३१, ६३, १२५, २५० असं एकेका सप्तकाचं अंतर असतं. व्हीएलसीचा इक्वलायझर मात्र वेगळा: मुळात ६०, १७०, ३१०, ६०० अशी मांडणी, आणि वर १२, १४, १६ हजार अशी दाटी. म्हणजे जिथे खोली त्रास देते तिथे एकच दांडी आणि जिथे बहुतेकांना फरक ऐकूही येत नाही तिथे तीन.

मिसळकट्टा

बास, ट्रेबल, व्हॉल्यूम. कोल्हापुरात चौथा शब्द लागत नाही भावा.

शाहूपुरी_सोल्डर

लागतो की. तक्रार घेऊन येणारा माणूस बास-ट्रेबल म्हणतच नाही. तो म्हणतो ‘घुमतंय’, ‘कोंदट येतंय’, ‘नाकात बोलतंय’, ‘चिरकतंय’, ‘स टोचतोय’. हे शब्द फार नेमके आहेत. सूचनेत हेच घ्या आणि शेजारी आकडा लिहा. घुमणं साधारण ४० ते १२० हर्ट्झ. कोंदट, डब्यातून आल्यासारखं, २०० ते ४००. नाकातला आवाज हजाराच्या आसपास. चिरका, कर्कश म्हणजे २ ते ५ हजार. ‘स’ आणि ‘श’ टोचणं ५ ते ९ हजार. या सीमा काटेकोर नाहीत, पण हात कुठे घालायचा ते कळतं.

यातला ‘घुमणे’ नीट फोडायला हवा, कारण तो दोन वेगळ्या आजारांना वापरला जातो. रिकाम्या घरात टाळी वाजवली की घुमते, देवळाच्या सभामंडपात घंटा घुमते. हा पडसादाचा भाग. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, मोठ्या काचा. यावर इक्वलायझरचा इलाज नाही. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, गादीचा सोफा. दुसरं घुमणं हलगीसोबतच्या घुमक्याचं. एखादाच खालचा सूर फुगतो आणि लवकर थांबत नाही. तो फुगवटा खोलीच्या मापातून येतो, आणि इक्वलायझरचा खरा उपयोग तिथे होतो.

हिशेब सोपा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. त्याला समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. १० बाय १२ची खोली घ्या. १२ फुटांसाठी ११२५ भागिले २४, म्हणजे ४७ हर्ट्झ. १० फुटांसाठी ५६. छतही १० फुटांवर असेल तर तेही ५६, म्हणजे दोन फुगवटे एकमेकांवर चढले. पुढे ९४ आणि ११२ला त्यांचीच पिल्लं. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवायची पद्धत आणि भिंतीशी हे सूर सगळ्यात जोरात असतात. बरोबर मधोमध बसलात तर उलट होतं. ४७चा सूर जवळपास नाहीसा.

आणि तो नाहीसा झालेला सूर इक्वलायझरने परत आणता येत नाही. तिथे दोन लाटा एकमेकींना खोडतात. तुम्ही वाढवलं की दोन्ही वाढतात आणि तितक्याच खोडल्या जातात. सहा डेसिबल चढवले तर अँप्लिफायरला चौपट शक्ती लागते, स्पीकरचा कोन (आतला पडदा) नुसता आतबाहेर होतो, कानाला काही नाही. फुगवटा छाटायचा, खड्डा भरायचा नाही. खड्ड्यासाठी सोफा किंवा स्पीकर फूटभर सरकवा.

रंकाळ्याची_हवा

म्हणजे ५६चा फुगवटा असेल तर व्हीएलसीची ६०ची दांडी खाली ओढायची?

काळी_एक

अजिबात नाही. ‘क्यू’ म्हणजे काय ते इथेच कळतं. त्या दांडीचा पट्टा रुंद आहे, ५६सोबत ४७ आणि ६९ही खाली जातात. काळी एकच्या गायकाचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झ. त्याच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९.३. खोली घुमायची थांबली खरी, पण तानपुऱ्याखालची जमीनही गेली.

पॅरामेट्रिक फिल्टर याचसाठी. मध्य कंप्रता, किती चढ-उतार आणि किती अरुंद, या तिन्ही गोष्टी हातात. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे त्यावरचा निबंध मांडला होता. मध्य कंप्रतेला पट्ट्याच्या रुंदीने भागलं की क्यू. ५६ हर्ट्झला क्यू ५ म्हणजे रुंदी साधारण ११ हर्ट्झ, ५० ते ६२च्या आत काम. ६९ला जवळजवळ धक्का नाही. क्यू १.४ म्हणजे एक सप्तक. मराठीत ‘अरुंदपणा’ लिहा. आकडा मोठा तितका पट्टा अरुंद, हे शब्दातूनच कळतं. ‘गुणांक’ लिहू नका, आकडा मोठा म्हणजे चांगला असं वाटेल.

प्रमाण_लेखन

एक दुरुस्ती. बासला ‘खर्ज’ लिहिण्याची सवय बऱ्याच लेखांत दिसते. खर्ज म्हणजे मंद्र सप्तकातला षड्ज. पुरुष आवाजात साधारण ६५-७० हर्ट्झ, स्त्री आवाजात, पट्टी काळी पाच धरली तर, ११६. सिनेमातला स्फोट ३०-४०ला असतो, तो खर्जाच्याही खाली. तेव्हा बास तो बासच. ‘गेन’साठी ‘चढ’ आणि ‘उतार’ मला बरे वाटतात: ‘५६ हर्ट्झ, उतार ७ डेसिबल, अरुंदपणा ५’. उणे चिन्ह छपाईत गळलं तरी अर्थ उलटा होत नाही.

‘प्रीअँप’ मात्र मला अडतो. नावावरून वेगळं यंत्र वाटतं.

शाहूपुरी_सोल्डर

एपीओत ते यंत्र नाही, नुसता सगळ्या आवाजाला लावलेला उतार आहे. ‘सरसकट उतार’ म्हणा. गरज का, ते ‘फाटणे’ शब्दातून सांगा. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा. आजची बहुतेक गाणी त्या मर्यादेला चिकटून ध्वनिमुद्रित असतात. त्यावर कुठेही ४चा चढ दिला की लाटेचं टोक कापलं जातं, तेच क्लिपिंग, तेच फाटणं. म्हणून सर्वांत मोठा चढ जेवढा, तेवढा सरसकट उतार. दोन चढ शेजारी असतील तर ते एकमेकांत मिसळतात, तेव्हा नुसता मोठा आकडा पुरत नाही. एपीओच्या कॉन्फिगरेशन एडिटरच्या खालच्या आलेखाजवळ पीक गेन (एकूण सर्वांत मोठा चढ) दिसतो, तो शून्याखाली आणायचा. कमी झालेला आवाज अँप्लिफायरच्या व्हॉल्यूमने वाढवा. नुसते उतारच दिलेत तर प्रीअँपला हात लावायचं कारण नाही.

फाटणं, खरखर, गुणगुण आणि खडखड एकाच गोणीत भरू नका. मोठ्या आवाजालाच बिघडतं ते फाटणं. हळू-मोठं काहीही असो, मधेमधे चटचट होते ती खरखर, तिथे ड्रायव्हर, यूएसबी किंवा पीसीवरचा भार तपासायचा. काहीच वाजत नसताना बारीक ‘हूं’ येते ती विजेची, ५० आणि १०० हर्ट्झ. ती छाटायला फिल्टर लावाल तर गाण्यातलं तेवढंच जाईल, हूं जाणार नाही. केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा, थांबली तर अर्थिंगचा फेरा तिथून आहे. अर्थची पिन मोडायचा शहाणपणा करू नका. आणि शोकेसची काच किंवा मांडणीवरची ताटं वाजतात ती खडखड, तिला कागदाची घडी पुरते.

मिसळकट्टा

बरं, आता डॉल्बीचं बोला. कोडीत ‘डॉल्बी’ चालू करा लिहिलं तर आमच्या गल्लीत ट्रॅक्टर येऊन उभा राहील.

प्रमाण_लेखन

हसण्यावारी नेऊ नका. कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात ‘डॉल्बी’ हा मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीचा शब्द झाला आहे. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ असे फलक लागतात त्यात तोच अर्थ. मूळ डॉल्बी ही कंपनी, तिच्या नावाने आवाज साठवण्या-पाठवण्याच्या पद्धती आहेत. त्याचा आवाज मोठा असण्याशी संबंध नाही. सूचनेत ‘डॉल्बी डिजिटल’ असं पूर्ण नाव लिहावं आणि ‘आवाजाची बांधलेली मोट’ असं एकदाच समजवावं.

शाहूपुरी_सोल्डर

मोट भारी आहे, कारण इथेच सगळ्यांचं इक्वलायझर ‘चालत नाही’. पासथ्रू चालू असेल तर कोडी ती मोट न उघडता एचडीएमआयमधून पुढे ढकलतं आणि उघडणारा असतो तुमचा रिसीव्हर (एचडीएमआय घेणारा अँप्लिफायर). बंद मोटेत पीसीवरचा इक्वलायझर हात घालू शकत नाही. सिनेमाला परिणाम शून्य आणि यूट्यूबला मात्र होतो, असं दिसलं की पासथ्रूच समजा.

कोडीत सेटिंग, सिस्टिम, ऑडिओ इथे जा. ‘अलाऊ पासथ्रू’ बंद. दिसत नसेल तर डाव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक करून पातळी वाढवा. तिथेच आउटपुट डिव्हाइसमध्ये ‘वासापी’ने सुरू होणारं नाव असेल तर तेच उपकरण ‘डायरेक्टसाउंड’खाली निवडा. वासापीने कोडी साउंडकार्ड एकट्याच्या ताब्यात घेतं आणि एपीओला वाटेतून बाजूला सारतं. दोनच स्पीकर असतील तर चॅनेल २.० ठेवा. ५.१ राहिलं तर संवाद मधल्या स्पीकरकडे जातात, तो नसतोच, आणि लोक ‘बोलणं ऐकू येत नाही’ म्हणून ट्रेबल चढवत बसतात.

रंकाळ्याची_हवा

माइक नसताना फुगवटा शोधायचा कसा? हिशेबातला आकडा तसाच घालू?

शाहूपुरी_सोल्डर

नको. हिशेब फक्त कुठे बघायचं ते सांगतो. दारं, कोनाडे, बाल्कनीचं उघडं तोंड यांनी आकडा सरकतो. रूम ईक्यू विझार्ड हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातल्या जनरेटरवर ३० ते १२० हर्ट्झ असा शुद्ध सूर पाच-पाचने चढवत ऐका, बसायच्या जागी बसूनच. आवाज बेताचा, नाहीतर लहान स्पीकरचा कोन फाटेल. जो सूर बाकीच्यांपेक्षा फुगतो त्याच्या आजूबाजूला एकेक हर्ट्झने फिरा. मग एपीओच्या एडिटरमध्ये पीकिंग फिल्टर (एकाच सुराभोवती चढ-उतार करणारा): तो आकडा, उतार ४, अरुंदपणा ५. रोजचं गाणं लावा आणि एपीओ चालू-बंद करून ऐका, मग ७पर्यंत न्या.

मोजमापाचा माइक, उदाहरणार्थ यूमिक-१, मिळाला तर काम सोपं. त्याची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या चुका सांगणारी) भरायला विसरू नका. माइक कानाच्या उंचीवर, पंखा बंद, मोजताना एपीओ बंद. फोनचा माइक खालच्या सुरांसाठी भरवशाचा नाही, पुष्कळ फोन ते मुद्दाम छाटतात. विझार्डला २० ते २०० हर्ट्झएवढंच दुरुस्त करायला सांगा, चढ शून्य. वरच्या सुरांत डोकं वीतभर हललं तरी आलेख बदलतो, तिथे यंत्राने काढलेले वीस फिल्टर म्हणजे नुसती नक्षी.

आणि व्हीएलसीचा इक्वलायझर बंदच ठेवा. दोन्ही चालू असतील तर उतारांची बेरीज होते.

काळी_एक

सूचनेच्या तळाला हेही टाका: साउंडचा ड्रायव्हर बदलला, टीव्ही बदलला किंवा एचडीएमआयची वायर दुसऱ्या पोर्टला लावली, की एपीओ गप्प होऊ शकतो. फिल्टर उडालेले नसतात. एपीओचा डिव्हाइस सिलेक्टर उघडा, जुन्या आवृत्तीत त्याचं नाव कॉन्फिगरेटर होतं. उपकरणापुढे खूण करा, पीसी पुन्हा चालू करा.

रंकाळ्याची_हवा

मग शब्द असे धरतो: पट्टा, चढ, उतार, अरुंदपणा, सरसकट उतार, फाटणे. इक्वलायझर, बास आणि पासथ्रू तसेच. ‘घुमणे’पुढे कंसात ‘एखादाच सूर’.

मिसळकट्टा

आणि डॉल्बीपुढे कंसात ‘ट्रॅक्टरवरची नव्हे’.