हेतू चांगला असला की मेल्याची अफवाही चालते?

कट्टेकरी: परवा इथेच एका साहेबांनी लिहिलं, "नटी-मॉडेल पूनम पांडेने मेल्याचं नाटक केलं तर बिघडलं काय? गर्भाशयमुखाचा कॅन्सर घराघरांत पोचला. पीआर, म्हणजे प्रसिद्धी, म्हणतात याला." डोकंच सणकलं. २ फेब्रुवारी २०२४ ला इन्स्टावर मृत्यूची पोस्ट, ३ तारखेला बाई धडधाकट व्हिडिओत हजर. मोहीम चालवणाऱ्या जाहिरात एजन्सीने माफी मागितली आणि त्याच माफीनाम्यात गूगलवर शोध किती वाढला तेही ऐकवलं! या कॅन्सरपासून वाचवणारी लस किती मुलींनी घेतली, ते कोण मोजणार? १ तारखेच्या अंतरिम अर्थसंकल्पातच ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीचा विषय आला होता. तो धरून जिवंतपणी बोलता आलं नसतं?

प्रचारक: ते साहेब म्हणजे मीच. नैतिकतेचा तोरा आवरा. दवाखान्याच्या भिंतीवरचं पिवळं पडलेलं पोस्टर तुम्ही कधी थांबून वाचलंत? प्रसिद्धीच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, धक्का बसल्याशिवाय लोक वाचत नाहीत. माझ्या बायकोने त्याच रात्री डॉक्टरांची वेळ घेतली.

शुभदा: माझी आई याच आजाराने गेली. त्या शुक्रवारी ऑफिसात बातमी वाचली आणि जिन्यात जाऊन रडले. शनिवारी कळलं, जाहिरात होती. 'इतक्या लोकांपर्यंत पोचलो' या तुमच्या 'रीच'च्या आकड्यात मीही धरली गेले असेन ना?

रात्रपाळी: एजन्सीला झोडा, पण बातमी लावली कोणी? बातम्यांच्या डेस्कवर मी होतो. हॉस्पिटलचं नाव नाही, अंत्यसंस्कार कुठे ते नाही. म्हटलं थांबू या. वरून उत्तर, "सगळ्यांनी लावलीय." पीआरने मेल केलेली प्रेसनोट 'खास मुलाखत' म्हणून जशीच्या तशी लावायची सवय पडली की फोन करून विचारायचं सुचतच नाही.

मिडऑन: सिनेमावाल्यांचं काय घेऊन बसलात? क्रिकेटमध्ये तर बोर्डाच्या पैशावर समालोचन राजरोस चालतं. डीआरएस (पंचांचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासायची पद्धत), संघनिवड, बोर्डाचा कारभार यांवर बोलायचं नाही, अशी अट कळल्यावर ऑस्ट्रेलियाचा माजी कप्तान इयन चॅपलने समालोचनाचं काम नाकारलं. २०१३ मध्ये त्याने स्वतः सांगितलंय. आपल्याकडचे किती जण असं नाकारतील?

कट्टेकरी: विषयांतर!

पॅव्हेलियन: पगार देणाऱ्याविरुद्ध कोण बोलतं? तुम्ही मीटिंगमध्ये बॉसला शिव्या घालता?

मिडऑन: मी बॉसच्या वतीने तटस्थ असल्याचा आव आणत नाही. समालोचक हर्षा भोगलेला २०१६ च्या आयपीएलमधून काढलं, कारणसुद्धा सांगितलं नाही. इन्स्टावरच्या पोरींनी पैसे घेऊन साबण दाखवला तर 'जाहिरात' लिहावं, असा एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा नियम २०२१ पासून आहे. मग समालोचकाच्या नावाखाली 'बोर्डाकडून मानधन' अशी पट्टी का नको?

पॅव्हेलियन: पट्टी लावल्यावर तुम्ही मॅच बघणं सोडणार आहात का? नाही ना? मग!

मिडऑन: मॅच बघेन. आवाज बंद करून.

प्रचारक: शुभदाताई, तुम्हाला द्यायला उत्तर नाही, मान्य. असा मृत्यूचा खेळ मी तरी क्लायंटला सुचवणार नाही. बाकी पट्टी लावायची म्हटलं की आमचे निम्मे क्लायंट पळतील.

रात्रपाळी: पळू देत. डेस्कवरचे मेल तरी कमी होतील.

मिडऑन: ते राहू द्या, २०२० मध्ये संजय मांजरेकरला बोर्डाच्या समालोचकांच्या पॅनेलवरून काढलं त्याचं कोणी बोलणार आहे का?

कट्टेकरी: वेगळा धागा काढा हो!