मदत हवी आहे: अँड्रॉइड स्टुडिओत स्वतःचं प्रोजेक्ट टेम्पलेट

नमस्कार मंडळी,

फोंड्यात आम्ही तिघं मिळून देवस्थानं, ग्रंथालयं आणि होमस्टेवाल्यांसाठी छोटी अँड्रॉइड ॲप्स करतो. कामं वेगवेगळी, पण सगळ्यांचा पाया तोच असतो. सत्तरी-सांग्याकडे रेंज गेली तरी चालावं म्हणून रूम डेटाबेस (माहिती फोनमध्येच साठवणारा), उत्सवाचे फोटो पाठवायची सोय, आणि स्ट्रिंग्ज, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर, इंग्रजी, मराठी व कोकणीत, त्यातही कोकणी देवनागरी आणि रोमी (रोमन) अशा दोन्ही लिप्यांत. दोन्ही लिप्यांना भाषेचा कोड एकच, त्यामुळे हा मजकूर ठेवायच्या रिसोर्स फोल्डरच्या नावात लिपीही लिहावी लागते. नव्यानं आलेल्या मुलाकडून हे हमखास राहतं आणि रोमी वाचणाऱ्या माणसाला देवनागरी दिसते. ग्राहकाच्या दृष्टीनं ही बारीक गोष्ट नाही.

म्हणून हा सगळा सांगाडा अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे ॲप्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'न्यू प्रोजेक्ट'मध्येच निवडता यायला हवा आहे. स्टुडिओच्या टेम्पलेट्स फोल्डरमध्ये फ्रीमार्करच्या (टेम्पलेट लिहायच्या एका भाषेच्या) फायली टाकायची जुनी युक्ती ४.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून बंद झाली. नेटवरचे बरेच लेख अजून तेच सांगतात. सेटिंग्जमधल्या 'फाइल अँड कोड टेम्पलेट्स'नं सुट्या फायली होतात, अख्खा प्रोजेक्ट नाही.

तिघांच्या टीमनं यासाठी स्टुडिओला जोडायचं प्लगइन लिहिणं परवडेल का? दुसरा मार्ग असेल तर पॅकेजचं नाव (कोडच्या प्रत्येक फाइलीत असतं ते) दरवेळी सगळीकडे बदलत बसावं लागेल का? आणि पुढे सांगाड्यात सुधारणा केली, तर ती आधीच दिलेल्या ॲप्सपर्यंत कशी पोचवायची? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतो.

प्रतिसाद १

प्लगइननं होतं. 'विझार्ड टेम्पलेट प्रोव्हायडर' हा एक्स्टेन्शन पॉइंट, म्हणजे प्लगइन जोडायची जागा आहे, टेम्पलेट कॉटलिन भाषेत लिहायचं. पण ते स्टुडिओच्या अंतर्गत कोडला बांधलेलं असतं, नवी आवृत्ती आली की पुन्हा तपासणं आलंच. तिघांनी त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत.

प्रतिसाद २

सहमत. सांगाडा गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) ठेवा आणि सेटिंग्जमध्ये ती 'टेम्पलेट रिपॉझिटरी' करा. नवा प्रोजेक्ट तिच्यावरून काढला की जुना इतिहास सोबत येत नाही.

पॅकेजच्या नावाची चिंता नको. ग्रेडलमध्ये, म्हणजे ॲप बिल्ड करणाऱ्या साधनात, नेमस्पेस (कोडपुरतं नाव) आणि ॲप्लिकेशन आयडी (ॲपची ओळख) वेगळे असतात. प्ले स्टोअर ॲप ओळखतं ते आयडीवरून. नेमस्पेस आणि कोडमधलं पॅकेज आहे तसंच ठेवा, दर ॲपला फक्त आयडी आणि प्रोजेक्टचं नाव बदला.

फोटो पाठवता म्हणजे फाइल प्रोव्हायडर (दुसऱ्या ॲपला फाइल देणारा भाग) असणार. त्याची ऑथॉरिटी, म्हणजे ओळखीचं नाव, मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलीत) ठोकून लिहिलेली असेल तर एकाच फोनवर तुमचं दुसरं ॲप इन्स्टॉलच होणार नाही, कारण दोन ॲप्सना एक ऑथॉरिटी चालत नाही. ती ॲप्लिकेशन आयडीच्या प्लेसहोल्डरवरून घ्या, म्हणजे बिल्ड करताना तिथे त्या ॲपचा आयडी आपोआप भरला जातो. फायरबेस या गूगलच्या सेवेची गूगल-सर्व्हिसेस फाइल आणि ॲपवर डिजिटल सही करायची कीस्टोअर (किल्ल्यांची फाइल) टेम्पलेटमध्ये अजिबात ठेवू नका.

सुधारणांचं म्हणाल, तर टेम्पलेटची प्रत निघाली की तिचा मूळाशी संबंध तुटतो. म्हणून टेम्पलेट बारीक ठेवा; डेटाबेसचा समान भाग, भाषा बदलायचा स्क्रीन, रंग-फॉन्ट हे वेगळ्या लायब्ररीत काढा आणि तिला आवृत्ती क्रमांक द्या. मग जुन्या ॲपमध्ये व्हर्जन कॅटलॉगमधला (लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांच्या यादीतला) एक आकडा वाढवून नवं बिल्ड काढायचं. सुरुवात भाषांच्या भागापासून करा, तिथेच तुमचं सगळ्यात जास्त अडतंय.